थर बदलला की रक्तस्राव बदलतो: एक्स्ट्राड्युरल हिमॅटोमाचं एक प्रकरण

एक्स्ट्राड्युरल हिमॅटोमा म्हणजे कवटीचं हाड आणि मेंदूवरचं जाड आवरण (ड्युरा) यांच्यामध्ये साचलेली रक्ताची गाठ. हे प्रकरण ओटी (शस्त्रक्रियागृह) तंत्रज्ञांच्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी बांधलेलं आहे, कुणा एका रुग्णाची ही हकिगत नाही. मात्र ज्या रुग्णालयांत अपघाताचे रुग्ण येतात, तिथे असा रुग्ण हमखास भेटतो.

पुरुष, वय २६, वजन अंदाजे ७० किलो. संध्याकाळी सहाच्या सुमारास दुचाकी घसरली, हेल्मेट नव्हतं, डोक्याची उजवी बाजू दुभाजकावर आदळली. दोन-तीन मिनिटं शुद्ध हरपली, मग तो उठून बसला, पाणी प्यायला, स्वतःच्या पायांनी रिक्षात चढला. कॅज्युअल्टीत जीसीएस (शुद्ध मोजण्याचा गुणांक, जास्तीत जास्त १५) १५ होता. साडेआठला डोकं ठणकू लागलं आणि दोन उलट्या झाल्या. नऊला जीसीएस ९ वर आला (डोळे २, बोलणं २, हालचाल ५). उजवी बाहुली ५ मिलिमीटर, प्रकाशाला मंद. डावी ३ मिलिमीटर. डावा हात आणि पाय कमी हलत होते. नाडी ५२, रक्तदाब १७०/१००.

मधल्या शुद्धीच्या काळाला ल्यूसिड इंटरव्हल म्हणतात. तो प्रत्येक रुग्णात दिसत नाही, पण दिसला की नातेवाईक आणि नवशिके कर्मचारी दोघेही गाफील राहतात. ‘मघाशी तर नीट बोलत होता’ हे वाक्य ऐकलं की ओटीत दिवे लावायला सुरुवात करावी.

आत काय घडत होतं? कानाच्या वर आणि थोडं पुढे टेरियन ही जागा आहे. फ्रंटल, परायटल, टेम्पोरल आणि स्फिनॉइड ही चार हाडं तिथे भेटतात. झायगोमॅटिक (गालाच्या हाडाच्या) कमानीच्या मध्यापासून साधारण ४ सेंटिमीटर वर बोट ठेवलं तर ती सापडते. इथलं हाड कवटीच्या बाजूंना फार पातळ. टेम्पोरल हाडाचा पसरट भाग काही ठिकाणी २ मिलिमीटरही भरत नाही. त्याच्या आतल्या बाजूला खाचेत मिडल मेनिंजियल आर्टरीची पुढची शाखा बसलेली असते. ही धमनी मॅक्सिलरी आर्टरीतून निघते आणि स्फिनॉइडमधल्या फोरामेन स्पायनोझममधून कवटीत शिरते. हाडाला तडा गेला की खाचेतली धमनी त्याबरोबर फाटते. रक्त धमनीचं, म्हणजे दाबाचं; ते ड्युराला हाडापासून सोलत जातं. हाडांच्या सांध्यांपाशी मात्र ड्युरा घट्ट चिकटलेली असते, म्हणून गाठ सहसा सांधा ओलांडत नाही. बाजूला पसरता येत नाही म्हणून ती आत फुगते आणि सीटीवर भिंगासारखी, दोन्हीकडून फुगीर दिसते.

मेंदू दुसऱ्या बाजूला ढकलला जातो. टेम्पोरल लोबचा आतला टोकाचा भाग, अंकस, टेंटोरियम या ड्युराच्या पडद्याच्या कडेवरून खाली घसरतो आणि तिसऱ्या क्रेनियल नर्व्हवर दाब येतो. बाहुली आकुंचित करणारे तंतू या नर्व्हच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असतात, त्यामुळे दाब पहिल्यांदा त्यांनाच बसतो. त्याच बाजूची बाहुली म्हणूनच आधी मोठी होते. मंद नाडी आणि चढलेला रक्तदाब हा कुशिंग रिस्पॉन्स: ब्रेनस्टेमला (मेंदूच्या देठाला) रक्त पुरवण्याची शरीराची शेवटची धडपड. हा चढलेला रक्तदाब पुढे ओटीत एकदा फसवणार आहे.

सीटीवर उजव्या टेम्पोरोपरायटल भागात ७ सेंटिमीटर लांब, ३.६ जाड आणि ५ सेंटिमीटर उंच गाठ. तिन्ही मापांचा गुणाकार करून २ ने भागला की ढोबळ आकारमान मिळतं: १२६ भागिले २, म्हणजे ६३ मिलिलिटर. मध्यरेषा ९ मिलिमीटर सरकलेली. ३० मिलिलिटरच्या वरची एक्स्ट्राड्युरल गाठ जीसीएस कितीही असला तरी काढावी, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. इथे चर्चेला जागाच नव्हती.

फोन आल्यापासून चिऱ्यापर्यंत

पहिलं काम सीटीची फिल्म लावणं. फिल्मवर रुग्णाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला दिसते, आणि रात्रीच्या घाईत फिल्म उलटी लावली जाणं हा अगदी खरा धोका आहे. फिल्मवरचं बाजूचं चिन्ह, मोठी बाहुली, लुळी पडलेली विरुद्ध बाजू आणि टाळूवरची (डोक्याच्या कातडीवरची) सूज, या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. टाइम-आउटच्या (चिऱ्याआधी थांबून केलेल्या पडताळणीच्या) वेळी ‘उजवी’ हा शब्द सर्जन, भूलतज्ज्ञ आणि तंत्रज्ञ तिघांनी मोठ्याने म्हणायचा.

मॅनिटॉल २० टक्के, किलोला १ ग्रॅम या हिशेबाने ३५० मिलिलिटर, १५ ते २० मिनिटांत. थंडीच्या दिवसांत बाटलीत स्फटिक धरतात; अशी बाटली तशीच लावायची नाही. ती कोमट पाण्यात ठेवून स्फटिक पूर्ण विरघळवायचे, बाटली अंगाच्या तापमानाला आली की फिल्टर असलेल्या सेटमधून चढवायची. लघवीची नळी आधीच घातलेली हवी, नाहीतर अर्ध्या तासात मूत्राशय तुडुंब भरतं. सेफाझोलिन २ ग्रॅम चिऱ्याच्या आधी तासाभराच्या आत. दोन बॅगा रक्ताची जुळणी. कॉटरीची (विजेने कापणाऱ्या आणि रक्त थांबवणाऱ्या यंत्राची) प्लेट मांडीवर, कोरड्या त्वचेवर, पूर्ण चिकटलेली.

मानेचा एक्स-रे किंवा सीटी स्वच्छ असल्याचं अजून कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून डोकं एकटं वळवायचं नाही. उजव्या खांद्याखाली आणि कमरेखाली रोल देऊन धड आणि डोकं एकत्र डावीकडे फिरवलं, बाकीचं टेबल तिरपं करून साधलं. डोकं हॉर्सशूवर (नालेच्या आकाराच्या आधारावर), डोक्याकडची बाजू २० अंश वर. गळ्याभोवती श्वासाच्या नळीची पट्टी आवळून बांधली तर जुग्युलर व्हेन दबते आणि कवटीतला दाब वाढतो. पट्टी चिकटपट्टीची असावी, दोरीची नको. तीन पिनांचा क्लॅम्प मुद्दाम टाळला. फ्रॅक्चर असलेल्या कवटीत पिन कुठे रुतेल ते सांगता येत नाही, शिवाय त्यात वेळ जातो.

केस क्लिपरने काढायचे, वस्तऱ्याने नाही. स्पिरिट असलेलं औषध केसांत मुरलं तर वाळायला तासभरही लागू शकतो आणि कॉटरीच्या ठिणगीने ते पेट घेतं. टाळूसाठी पाण्यातलं पोव्हिडोन आयोडीन बरं. डोळ्यांवर मलम आणि पारदर्शक पट्टी, उजव्या कानात कापसाचा बोळा.

ट्रॉलीची मांडणी

नवशिका तंत्रज्ञ क्रेनिऑटमीचा (कवटी उघडण्याच्या शस्त्रक्रियेचा) सेट उघडतो आणि हत्यारं आकाराप्रमाणे लावतो. या ऑपरेशनला ती थरांप्रमाणे लावावीत: डावीकडे टाळू, मग हाड, मग ड्युरा, शेवटी शिवणं. कारण प्रत्येक थरातून रक्त वेगळ्या तऱ्हेनं येतं आणि एका थराचा उपाय दुसऱ्या थरावर चालत नाही. टाळूला क्लिप, हाडाला मेण, ड्युराला बायपोलर (चिमट्याच्या दोन टोकांमधून वीज जाणारी कॉटरी), कडेला हिच स्टिच (ड्युरा हाडाला टांगणारा टाका). हा क्रम हाताला पाठ असला की सर्जनला हत्यार मागावं लागत नाही.

दोन सक्शन हवेच, एक बारीक आणि एक जाड तोंडाचं. बायपोलरचे दोन फोर्सेप, म्हणजे एक पुसला जात असताना दुसरा हातात असतो. कोमट सलाइन ३७ अंशांच्या आसपास. पॅटी (धागा लावलेल्या, रक्त शोषणाऱ्या छोट्या पट्ट्या) ३०, धाग्यासकट मोजलेल्या. रेनी क्लिप (टाळूच्या कडेवर बसणाऱ्या) २०. सुया आणि ब्लेड फळ्यावर लिहिलेले. विजेवरचं ड्रिल होतं, तरीही हडसन ब्रेस (हाताने फिरवायचं ड्रिल) आणि जिगली सॉ (करवतीसारखी वायर) यांचा संच निर्जंतुक करून शेजारी ठेवला. ड्रिल ऐनवेळी बंद पडतं, वायरला वीज लागत नाही. (ही वायर इटालियन प्रसूतितज्ज्ञ जिगली यांनी १८९४ साली पुढे आणली ती प्रसूतीत ओटीपोटाचं हाड कापण्यासाठी, मेंदूच्या शस्त्रक्रियेत ती नंतर आली.)

टाळू

लिग्नोकेन १ टक्का, त्यात १:२,००,००० ॲड्रिनलीन, एकूण २० मिलिलिटर. सिरिंजवर लेबल लावल्याशिवाय ती ट्रॉलीवर ठेवायची नाही. शेजारच्या वाटीतलं सलाइनही पाण्यासारखंच दिसतं.

चिरा प्रश्नचिन्हाच्या आकाराचा. सुरुवात झायगोमाच्या वरच्या कडेला, ट्रॅगसच्या (कानाच्या छिद्रापुढच्या उंचवट्याच्या) पुढे १ सेंटिमीटरच्या आत. त्याहून पुढे गेलं तर फेशियल नर्व्हची कपाळाकडची शाखा कापली जाते आणि भुवई कायमची पडते. टाळूचे पाच थर: त्वचा, दाट तंतुमय थर, गॅलिया, सैल थर आणि हाडावरचं पेरिक्रेनियम. दुसऱ्या थरातले तंतू रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी धरून ठेवतात, म्हणून टाळू इतकी भळभळते. सर्जन चार-पाच सेंटिमीटर कापतो, सहायक बोटांनी कडा दाबतो, आणि तेवढ्यात क्लिप कडेवर बसली पाहिजे. त्यासाठी दोन ॲप्लिकेटर आळीपाळीने भरत राहायचे. सुपरफिशियल टेम्पोरल आर्टरी ट्रॅगसच्या जवळच आडवी येते. तिला क्लिप पुरत नाही, बायपोलर लागतो.

टेम्पोरलिस स्नायू मोनोपोलरने कापून खाली वळवला, वरच्या कडेला शिवण्यासाठी बोटभर पट्टी ठेवून. स्नायू दूर होताच हाडावरचा तडा दिसला: झायगोमाच्या वरून तिरका मागे गेलेला, त्यातून काळसर रक्त झिरपणारा.

हाड

पहिलं बर होल (हाडातलं गोल भोक) खाली, झायगोमाच्या लगेच वर. फ्लॅप (कापून काढायचा हाडाचा तुकडा) पूर्ण होईपर्यंत थांबायचं नाही. एका भोकातून थोडी गाठ बाहेर आली तरी दाब उतरू लागतो. पर्फोरेटर (भोक पाडणारं ड्रिलचं टोक) आरपार जाताच त्याचा क्लच सुटतो आणि फिरणं थांबतं, असं आपण शिकतो. पण तो किती जाडीच्या हाडासाठी बनवलाय ते पाकिटावर लिहिलेलं असतं आणि टेम्पोरल हाड अनेकदा त्याहून पातळ भरतं. पर्फोरेटर तिरका धरला किंवा तड्यावर टेकवला तर क्लच सुटायच्या आत तो खाली घुसतो. म्हणून भोक तड्यापासून दूर, बिट हाडाला काटकोनात, आणि तंत्रज्ञाने दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरायचं.

भोक पडताना भुशाकडे बघावं. वरचा थर कापला जातो तेव्हा भुसा पांढरा आणि कोरडा. मधला स्पंजासारखा थर लागला की तो लाल आणि ओला. आतला थर आला की पुन्हा पांढरा. टेम्पोरल भागात मधला थर जवळजवळ नसतोच, त्यामुळे लाल रंगाची वाट बघत बसलं तर उशीर होतो. २० मिलिलिटरच्या सिरिंजने सलाइन सतत सोडत राहायचं. कोरडं ड्रिल हाड भाजतं आणि भाजलेली कड नंतर भरून येत नाही.

चिऱ्यानंतर अकराव्या मिनिटाला पहिलं भोक पडलं आणि जांभळट, जेलीसारखी गाठ स्वतःच वर आली. तेवढी सक्शनने काढली आणि बाकीची तीन भोकं पाडली. क्रेनिओटोम (हाड कापणारं ड्रिल) एका भोकातून दुसऱ्याकडे नेताना त्याचं पाऊल (हाडाखालून सरकणारं टोक) तड्याच्या कडेत अडकलं. अशा वेळी जोर लावायचा नाही. मागे घेऊन दुसऱ्या भोकाच्या बाजूने यायचं. गाठीने ड्युरा आधीच सोलून ठेवलेली असते, त्यामुळे मधल्या भागात पाऊल लोण्यातून गेल्यासारखं सरकतं. धोका असतो तो गाठीच्या कडेला, जिथे ड्युरा अजून हाडाला धरून आहे. टेम्पोरल तळाजवळचं उरलेलं हाड लेक्सेल रॉन्जरने कुरतडून काढलं. प्रत्येक तुकड्यानंतर रॉन्जरचं तोंड ओल्या मॉपने पुसून द्यायचं. हाडाच्या कडांतून झिरपणारं रक्त बोन वॅक्सने (हाडाच्या मेणाने) थांबवलं. बोटांनी मऊ केलेल्या, डाळीच्या दाण्याएवढ्या गोळ्या डिसेक्टरच्या टोकावर द्याव्यात.

फ्लॅप निघाला की तो सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉझमध्ये गुंडाळून झाकलेल्या वाटीत ठेवायचा आणि ‘फ्लॅप वाटीत’ असं सर्क्युलेटिंग नर्सला सांगायचं. वापरलेल्या मॉपसोबत फ्लॅप बादलीत गेल्याचे प्रसंग या व्यवसायात ऐकू येतात. या फ्लॅपची आतली बाजू बघण्यासारखी होती: पिंपळपानाच्या शिरांसारख्या फांदलेल्या खाचा, आणि त्यातल्या सर्वांत ठळक खाचेला आडवा छेदून गेलेला तडा. धमनी कुठे फाटली ते हाडावरच लिहिलेलं होतं.

गाठ आणि धमनी

घट्ट गाठ सक्शनने ओढत बसू नये, नळी दोनदा बुजते आणि नेमकी धमनी उडते तेव्हा बुजलेली असते. इथेही तेच झालं. गाठीचा मोठा तुकडा जाड सक्शनच्या तोंडात बसला, त्याच क्षणी ड्युरावर बारीक, तालात उडणारी धार दिसली. दुसरं सक्शन चालू होतं म्हणून निभावलं. गाठ डिसेक्टरने आणि कप फोर्सेपने सैल करायची, सलाइनच्या झोताने धुवायची, सक्शन फक्त द्रवासाठी. दर काही मिनिटांनी दोन्ही नळ्या सलाइन ओढून साफ करायच्या.

धार बायपोलरने बंद झाली. टोकांना करप चिकटली की फोर्सेप उचलताना बंद झालेली धमनी पुन्हा फाटते, म्हणून दर वापरानंतर टोकं ओल्या गॉझने पुसायची. ब्लेडने खरवडली तर त्यांचा गुळगुळीतपणा जातो आणि पुढच्या वेळी जास्त चिकटतात. धमनी फोरामेन स्पायनोझमपाशीच फाटली असती तर बायपोलर तिथे पोचला नसता. मग त्या छिद्रात बोन वॅक्स किंवा सर्जिसेलची (रक्त थांबवणाऱ्या जाळीची) घट्ट गोळी दाबावी लागते, म्हणून दोन्ही तयार ठेवले होते. हायड्रोजन पेरॉक्साइड ट्रॉलीवर ठेवलंच नव्हतं. बंद पोकळीत त्याचा वायू होतो आणि तो शिरेत शिरू शकतो.

गाठ निघत असतानाच रक्तदाब १६५ वरून ८४ वर आला. नवख्याला वाटेल, कुठेतरी मोठा रक्तस्राव सुरू झाला. खरं कारण उलट आहे. कवटीतला दाब उतरला, कुशिंग रिस्पॉन्स संपला, आणि टाळूतून गेलेलं रक्त व मॅनिटॉलने काढलेलं पाणी इतका वेळ झाकलं गेलं होतं ते उघडं पडलं. ‘गाठ काढायला घेतोय’ हे भूलतज्ज्ञाला आधी सांगितलेलं असलं की सलाइन आणि औषध हाताशी असतं. इथे सांगितलं होतं. दोन मिनिटं थांबून पुढे गेले.

ड्युरा आता सैल होती, श्वासाबरोबर आणि नाडीबरोबर हलत होती. ती निळसर आणि ताणलेली राहिली असती तर खाली सबड्युरल रक्त असल्याचा संशय घेऊन उघडावी लागली असती, म्हणून ११ नंबरचं ब्लेड आणि ड्युराची कात्री बाहेर काढून ठेवली होती. वापरावी लागली नाही.

कडेचं रक्त

मधलं रक्त थांबलं तरी हाडाच्या कडेखालून मंद, गडद रक्त येत राहतं. ते सोललेल्या ड्युरावरच्या बारीक शिरांचं असतं आणि बायपोलर तिथे पोचत नाही. जेलफोमच्या (रक्त थांबवणाऱ्या स्पंजच्या) पट्ट्या कडेखाली सरकवून हिच स्टिच घ्यायचे: हाडाच्या कडेला तिरकी भोकं, खाली ड्युरा वाचवायला सपाट डिसेक्टर, आणि ४-० सिल्क गोल सुईवर. सुई ड्युराच्या वरच्या पदरातूनच जावी. आरपार गेली तर सीएसएफ (मेंदूभोवतीचं पाणी) गळतं किंवा खालची शीर टोचली जाते. साधारण दोन-दोन सेंटिमीटरवर टाके, आणि फ्लॅपच्या मध्यातून एक. हा मधला टाका घाईत राहून जातो आणि फ्लॅपखाली पुन्हा गाठ साचायला तेवढी जागा पुरते.

फ्लॅप बसवण्यापूर्वी मोजणी. पॅटी २९.

फ्लॅप थांबवला. कडेखाली पाहिलं, टेम्पोरल तळ धुतला, मॉप उलगडले, सक्शनची बाटली पाहिली. तिसावी पॅटी किडनी ट्रेमध्ये निघाली, गाठीच्या तुकड्यात गुंडाळलेली. रक्त प्यायलेली पॅटी आणि गाठीचा तुकडा डोळ्याला सारखेच दिसतात. फरक सांगतो तो धागा. म्हणून धागा कधी कापायचा नाही आणि तो जखमेच्या बाहेर लोंबता ठेवायचा. पॅटी सापडली नसती तर रुग्ण टेबलवर असतानाच एक्स-रे काढावा लागला असता. पॅटीतली पट्टी त्यात दिसते.

बंद करताना

फ्लॅप तीन मिनिप्लेट आणि ४ मिलिमीटरच्या स्क्रूंनी बसवला, पातळ टेम्पोरल कडेला स्क्रू न घालता. टेम्पोरलिस ठेवलेल्या पट्टीला शिवला. गॅलियाखाली ड्रेन. त्याला निगेटिव्ह प्रेशर द्यायचं की नाही ते सर्जनला विचारूनच. क्लिप एकेक काढायची आणि खालचा रक्तस्राव बघत पुढे जायचं. सगळ्या एकदम काढल्या तर कुठून येतंय ते कळत नाही. गॅलिया २-० व्हिक्रिल, त्वचेला स्टेपलर. दुसरी मोजणी पूर्ण जुळली.

ट्रॉली मोडली नाही. भूल उतरेपर्यंत, बाहुल्या पाहून होईपर्यंत आणि रुग्ण दाराबाहेर जाईपर्यंत ती झाकून ठेवतात. खोकला येऊन रक्तदाब उसळला तर पुन्हा गाठ साचण्याची हीच वेळ. ओटीतून निघताना उजवी बाहुली ३ मिलिमीटर, प्रकाशाला चपळ. आयसीयूत दर तासाला जीसीएस आणि बाहुल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सीटीत मध्यरेषा जागेवर आली होती, फ्लॅपखाली हवेची पातळ काळी रेघ होती आणि कडेला हिच घेतलेल्या जागी ड्युरा हाडाला टेकलेली दिसत होती.